रुसवांक शून्य

बायकोचा रुसवांक शून्य आला, म्हणून डॉ. तुषार खटावकरांनी आख्ख्या रेडिओलॉजी विभागाला भडंगाची पाकिटं वाटली. जयसिंगपूरहून मुद्दाम मागवलेली, लसूण घातलेली, दहा किलो. मिरजेतल्या त्या रुग्णालयाचं नाव सांगत नाही. मिरजेत दर दोन गल्ल्यांआड एक रुग्णालय आहे, त्यातलं कुठलंही धरा. तिथं याआधी एवढा आनंद नवं एमआरआय आलं तेव्हा झाला होता, आणि तेव्हाही भडंग पाचच किलो होतं.

आता रुसवांक म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तोवर काळ असा आला होता की एक्स-रे, सीटी, एमआरआय, सगळं यंत्रच वाचायचं. दिवसाला चारशे तपासण्या व्हायच्या, चारशे अहवाल यंत्र लिहायचं आणि खाली डॉक्टरांनी सही ठोकायची. एके काळी खटावकरांचं नाव कोल्हापूरपर्यंत होतं. पडद्यावर पाच सेकंद नजर टाकून 'डाव्या फुप्फुसात, तिसऱ्या बरगडीमागे बघा' म्हणायचे, आणि तिथं ते निघायचंच. आता ते कसब कुणाला नको होतं. आता विभागप्रमुखाचं काम एकच उरलं होतं, ते म्हणजे माणसं सांभाळायची. चौदा तंत्रज्ञ, चार कारकून, सहा आया आणि वॉर्डबॉय. यंत्रं बिचारी रुसत नाहीत. रुसणारे सगळे हे चोवीस जण.

आणि खरं सांगायचं तर या कामात खटावकर ढ होते. पुण्यात जाऊन त्यांनी व्यवस्थापनाची दोन दिवसांची कार्यशाळा केली. तिथं शिकवलं होतं की सहकाऱ्याच्या पाठीवर रोज एकदा शाबासकीची थाप मारावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिसेप्शनवरच्या लोखंडेच्या पाठीवर मागून अचानक थाप मारली. लोखंडेच्या हातातला चहा कीबोर्डवर सांडला आणि दुपारपर्यंत एकाही पेशंटला नंबर मिळाला नाही. तेव्हापासून खटावकर आपल्या खोलीतून फारसे बाहेर येत नसत.

अशात ते यंत्र आलं.

आलं होतं ते दुखणाईतांसाठी. ज्यांच्या दुखण्याचं कारण कुठल्याच तपासणीत सापडत नाही, त्यांच्या मेंदूत काय चाललंय ते बघण्यासाठी. मेंदूत विचार चालतो तेव्हा बारीक विजा वाहतात, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र इतकं क्षीण असतं की पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जवळजवळ अब्जावा हिस्सा. पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र आणि थंडगार हेलियम लागायचं. आता प्रयोगशाळेत घडवलेले हिऱ्याचे कण तेच काम करत होते. असे दोनशे कण अस्तर लावल्यासारखे आतून बसवलेलं एक शिरस्त्राण होतं. सुगंधाक्का नावाची सगळ्यांत जुनी आया ते खोक्यातून बाहेर काढताना म्हणाली, "अगंबाई, हे तर टोपडं!" झालं. कंपनीनं दिलेलं लांबलचक नाव त्या दिवशीच मेलं.

टोपड्याच्या आत चष्मा होता आणि चष्म्यात एका माणसाचा फोटो दिसायचा, तीन मिनिटं. ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूतली एक जागा पेटते. या माणसाकडून मला काय मिळायला हवं, याचा हिशोब ती ठेवते. शेजारची दुसरी जागा आजवर खरोखर काय मिळालं, त्याचा हिशोब ठेवते. टोपडं पहिल्यातून दुसरं वजा करायचं आणि जे उरायचं ते शून्य ते शंभर अशा आकड्यात सांगायचं. कागदोपत्री त्याला 'अवशिष्ट अपेक्षाभंग निर्देशांक' म्हणत. लोखंडेनं त्याचं नाव ठेवलं रुसवांक.

ट्रस्टचे चेअरमन अण्णासाहेब आवटी यांना ही कल्पना भयंकर आवडली. "डॉक्टर, दुखणाईत राहू द्यात बाजूला," ते म्हणाले. "आधी आपला स्टाफ मोजा की! दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला टोपडं घाला, समोर तुमचा फोटो दाखवा. ज्याचा आकडा चढलाय त्याला जरा गोंजारा. ज्याचा उतरलाय त्याच्यावर काम टाका. आहे काय नि नाही काय!"

खटावकरांना हायसं वाटलं. माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांना काही कळत नसे, आकडा मात्र कळायचा. त्यांनी आपल्या ओळखपत्रावरचा, दचकल्यासारखा दिसणारा फोटो टोपड्यात घातला आणि ड्युट्या लावायचं काम संगणकाकडे सोपवलं. नियम सोपा होता. सणावाराची, रविवारची, कुणालाच नको असलेली ड्युटी सगळ्यांत कमी रुसवांकाच्या माणसाला.

पहिले तीन महिने बरे गेले. मग लोकांना गोम कळली.

सगळ्यांत आधी कळली ती लोखंडेला. त्याचा पहिला आकडा आला होता अठ्ठावीस. दुसऱ्या तिमाहीला तो टोपड्याखाली बसला, समोर साहेबांचा फोटो आला, आणि लोखंडेनं डोळ्यांसमोर आपला मेव्हणा आणला. या मेव्हण्यानं स्वतःच्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण लोखंडेला व्हॉट्सअॅपवर धाडलं होतं, तेही फॉरवर्ड केलेलं. आकडा आला चौऱ्याहत्तर. खटावकर हादरले. त्यांनी लोखंडेला नवी खुर्ची दिली, खिडकीजवळची जागा दिली, वर 'काही मनात ठेवू नका हं' असंही म्हणाले. सुगंधाक्कानं सुनेला आठवून एकसष्ट काढले आणि टेबलफॅन मिळवला. पुढं पुढं तर टोपड्याच्या आदल्या दिवशी लोक घरी मुद्दाम भांडण उकरून काढू लागले.

या सगळ्यात एकीनंच काही केलं नाही. शबाना मुजावर, मुख्य तंत्रज्ञ, अठरा वर्षांची नोकरी. कुठलं यंत्र कुठं अडतं, कुठली बाई एमआरआयसाठी मंगळसूत्र काढायला तयार होणार नाही आणि तिच्यासाठी हळकुंड बांधलेला पिवळा दोरा कुठल्या खणात ठेवलाय, हे सगळं तिच्या डोक्यात असे. 'आवो, देवाचं हळकुंड हाय, चालतंय' असं ती म्हटली की बायका ऐकायच्या. तिचा रुसवांक आला सहा. खटावकरांना तिचा फार अभिमान वाटला.

आता त्या भडंगाकडे येऊ.

दिवाळीत विभागाचा फराळाचा कार्यक्रम असायचा, घरच्यांसकट. कुणीतरी टूम काढली की घरच्यांनाही टोपडं घालू या, नवऱ्याचा फोटो दाखवून. नुसता धुमाकूळ. लोखंडेच्या बायकोचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला आणि टोपड्यानं पीं-पीं केलं. लोखंडे म्हणाला, "मेव्हण्याची बहीणच ती!" एकेकाच्या बायकोचे पन्नास, साठ, बासष्ट निघत गेले आणि नवरे चकलीत तोंड खुपसून बसले. मग सुकन्या बसल्या, म्हणजे खटावकरांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शांत बाई, त्यातून शाळेतून थेट आलेल्या, नखांत सिमेंट. तीन मिनिटं झाली आणि पडद्यावर आकडा आला.

शून्य.

टाळ्या पडल्या. अण्णासाहेबांनी खटावकरांना मिठीच मारली. "चोवीस वर्षांचा संसार आणि शून्य! डॉक्टर, पुस्तक लिहा तुम्ही!" सुकन्यांनी टोपडं काढलं, केस सारखे केले आणि विचारलं, "झालं? मी निघू?"

रात्री जेवताना खटावकरांचं तेच चाललं होतं. "शून्य, सुकन्या! लोखंडेच्या बायकोचे अठ्ठ्याऐंशी!"

"हो का? बरं." त्या ताट उचलून उठल्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नकाशांची गुंडाळी उलगडली होती.

"हे काय?"

"कोयना."

"व्वा," खटावकर म्हणाले आणि झोपायला गेले. बायको तक्रार म्हणून करत नाही, किती सुख आहे हे, असा विचार करता करता त्यांना गाढ झोप लागली.

दिवाळीनंतर महिन्याभरानं ईद आली.

विभागात एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण अठरा वर्षांत मोडलेली नव्हती. गणपती, दसरा, दिवाळी, सगळ्या ड्युट्या शबाना करायची. आणि ईदला शबानाला सुट्टी, तिचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, आणि दुपारी पाळीपाळीनं सगळ्यांनी तिच्या घरी शीरखुर्मा खायला जायचं. संगणकाला ही रीत कुणी सांगितली नव्हती. त्यानं आकडे बघितले, सगळ्यांत लहान बघितला आणि ईदची ड्युटी शबाना मुजावरला लावली.

सही करताना खटावकरांच्या ते लक्षात आलं. नाही असं नाही. पेन क्षणभर थांबलं. मग ते मनाशी म्हणाले, 'सहाच तर आहे आकडा, काही म्हणायच्या नाहीत त्या,' आणि सही झाली. त्या दिवशी चौऱ्याहत्तरवाला लोखंडे रजेवर होता. मेव्हण्याच्या गाडीतून, मेव्हण्याबरोबर गोव्याला गेला होता.

शबाना खरंच काही म्हणाली नाही.

जानेवारीत पुन्हा टोपडी झाली. शबानाचा रुसवांक शून्य आला. गंमत म्हणजे आणखी पाचसहा जणांचे आकडेही घसरले होते आणि विभागाची सरासरी पहिल्यांदाच खाली आली. अण्णासाहेबांनी ताबडतोब 'आदर्श व्यवस्थापन' पुरस्कार जाहीर केला, शनिवारी तीन वाजता, रुग्णालयाच्या सभागृहात. शुक्रवारी सकाळी खटावकरांनी गुलाबाचा गुच्छ मागवला आणि शबानाला खोलीत बोलावलं.

"शबाना मॅडम, अभिनंदन! शून्य! आख्ख्या विभागात पहिल्या तुम्ही. माझ्या घरात एक शून्य, विभागात एक शून्य, आणखी काय हवं माणसाला?"

शबानानं गुच्छ घेतला, टेबलावर ठेवला आणि पर्समधून एक पाकीट काढून त्याशेजारी ठेवलं.

"काय हे?"

"राजीनामा, सर. कोल्हापूरला एका सेंटरमध्ये लागलंय माझं. महिन्याची नोटीस देते."

खटावकरांना वाटलं, थट्टा चाललीय. "अहो, पण तुमचा आकडा... तुम्ही माझ्यावर नाराजच नाही!"

"नाहीच आहे की."

"मग?"

शबाना सावकाश बोलायला लागली. "सर, ईदच्या दिवशी टोपडं घातलं असतं ना मला, तर काच फुटली असती त्याची. एवढा राग होता. तरी म्हटलं, चला, येतील कुणीतरी. घरी येता येत नाही, तर इथं येतील. मोठा डबा भरून शीरखुर्मा आणलावता मी, सगळ्यांना पुरेल एवढा. बारा वाजले. दोन वाजले. लोखंडेचा गोव्याहून फोटो आला ग्रुपवर, तुम्ही त्याला लाइकचा अंगठा दिलात. म्हणजे तुम्ही जागे होता, मोबाइल बघत होता. चारपर्यंत वाट बघितली सर मी. मग तो डबा सुगंधाक्काला दिला, नेऊन वाटा म्हटलं वॉर्डात. आणि त्यानंतर बघा, काही वाटेनाच. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडून काही यायचंच नाही म्हटल्यावर रुसायचं कुणावर?"

"वजाबाकी आहे ना सर ती?" शबाना उठता उठता म्हणाली. "पाचातनं पाच गेले तरी शून्य. आणि शून्यातनं शून्य गेलं तरी शून्यच की."

ती गेली. दाराजवळ लोखंडे कान लावून उभा होता, तो पेशंटचं नाव पुकारल्यासारखं करत पळाला.

खटावकर खुर्चीत बसले. मग बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. आकडा बाजूला सारला आणि शबानाच्या मेंदूचं मूळ चित्र पडद्यावर उघडलं. मिळाल्याचा हिशोब ठेवणारी जागा काळी होती. त्याचं काही नाही. पण अपेक्षेची जागा? ती भरून फिटलेली असती तर दोन्हीकडे लखलखाट दिसायला हवा होता. तीही काळी ठिक्कर होती. यंत्राच्या माहितीपुस्तकात दोनशे चौदाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'शून्य आल्यास मूळ चित्र अवश्य पाहावे.' पान चिकटलेलंच होतं. कुणी सुटं केलं नव्हतं.

आणि मग त्यांना दुसरं शून्य आठवलं.

दिवाळीच्या फराळाची ती फाइल त्यांनी उघडली. 'सुकन्या खटावकर. समोर फोटो: पती.' चित्र आलं. काळं. दोन्हीकडे काळं. चोवीस वर्षांच्या संसाराचा एमआरआय काढावा आणि आत काही नसावंच, तसं. याच चित्रावर आपण दहा किलो भडंग वाटलं!

पण खटावकर शेवटी खटावकर होते. नजर गेली नव्हती अजून. त्यांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, पडद्याला नाक लावलं. अपेक्षेच्या जागेत, अगदी खालच्या कोपऱ्यात, मोहरीएवढा एक ठिपका उजळला होता. यंत्रानं त्याला बारीकसारीक गडबड समजून सोडून दिलं होतं. ती गडबड नव्हती. हजारो फुप्फुसं आणि मेंदू बघितलेल्या माणसाला एवढं नक्की कळत होतं. काहीतरी एक गोष्ट होती, जी सुकन्या अजून त्यांच्याकडून धरून होती. कुठली ते मात्र टोपडं सांगत नव्हतं. आणि ठिपका दिवाळीतला होता. आता जानेवारी.

संध्याकाळी खटावकर घरी आले ते गजरा, इरकल साडी आणि बसप्पा हलवायाकडचे पेढे घेऊन.

"कुणाचं लग्न आहे?" सुकन्यांनी विचारलं.

"तुझ्यासाठी."

"अच्छा. ठेव तिथं." आवाजात राग नाही, काही नाही. पोस्टमनशी बोलावं तसा.

खटावकरांनी भांडी घासली. "बरं," सुकन्या म्हणाल्या. त्यांनी आमटी केली, ती खारट झाली. सुकन्यांनी पाणी घालून खाल्ली. "सुकन्या, माझं काही चुकलं का?" "नाही रे." "महाबळेश्वरला जाऊ या?" "बघू." "तू चिड ना माझ्यावर!" शेवटी खटावकर ओरडलेच. सुकन्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला ताप आहे का? उद्या मला लवकर जायचंय, झोपते मी."

त्या झोपल्या. खटावकर स्वयंपाकघरात ढसाढसा रडायच्या बेतात होते, आणि पाणी प्यायला म्हणून फ्रिजपाशी गेले. फ्रिजवर कालनिर्णय लटकत होतं. त्यावर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, आणि शनिवारच्या चौकोनात सुकन्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'शाळेत नकाशात पाणी सोडणे, ४ वा.' त्याखाली शिसपेन्सिलीनं आणखी काहीतरी लिहून खोडलेलं होतं. खोडरबर नीट फिरलं नव्हतं. खटावकरांनी दिवा लावला, पान तिरकं धरलं आणि एक्स-रे वाचावा तसं ते वाचलं.

'तुषारला सांगणे.'

हाच तो ठिपका.

शनिवारी तीनला सभागृह भरलं. खटावकरांना वाटलं होतं, दहा मिनिटांत आटपेल. पण अण्णासाहेबांचं भाषण म्हणजे जुन्या बसगाडीचा प्रवास, प्रत्येक थांब्यावर उभं राहणार. पावणेचार झाले तेव्हा ते ट्रस्टच्या स्थापनेपर्यंत पोचले होते. चारला पाच कमी असताना खटावकरांना शाल मिळाली, ट्रॉफी मिळाली आणि माइक मिळाला.

"अण्णा, माफ करा, मला घाई आहे," खटावकर एका दमात म्हणाले. "आमचे आकडे उतरले, कारण लोकांनी माझ्याकडून काही मिळेल ही आशा सोडली. एवढंच झालंय. ईदची ड्युटी शबाना मॅडमना संगणकानं लावली, पण सही माझी होती आणि ती करताना मला कळत होतं. मॅडम, चुकलो मी. सोमवारपासून टोपडं दुखणाईतांकडे. ड्युट्या मी लावणार, हातानं, प्रत्येकाशी बोलून. तुम्ही भांडा माझ्याशी. ही ट्रॉफी घ्या." आणि ट्रॉफी अण्णासाहेबांच्या हातात देऊन ते शालीसकट जिन्याकडे धावले.

"काय झालं हो यांना?" अण्णासाहेब म्हणाले.

"अंगात आलंया," सुगंधाक्का म्हणाली.

स्कूटरला किल्ली लावतात तोच मागून शबाना आली, धापा टाकत, रागानं लाल. "सर! हे असं माइकवरनं सांगतात? चारशे लोकांसमोर? माझ्या घरी येऊन सांगायला पाय दुखत होते तुमचे? दीड महिना झाला दीड महिना!"

खटावकरांचा चेहरा उजळला. "येतो! उद्याच येतो. सगळ्यांना घेऊन येतो. आणि राजीनामा?"

"तो आहेच! सोमवारी बोलू," शबाना फणकारली. "आणि रिकाम्या हातानं येऊ नका."

शाळेच्या मैदानात पोचायला चार वाजून पंचवीस मिनिटं झाली. मैदानाच्या निम्म्या भागात सिमेंटचा सह्याद्री उभा होता, कमरेएवढा उंच. त्यातून कोरलेली कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, काठावर आगपेटीएवढी गावं, प्रत्येक गावावर काडीचा झेंडा. तीन वर्षं सुकन्या आणि त्यांच्या मुलींनी हे बांधलं होतं. पुराचं पाणी कुठून निघतं, कुठं तुंबतं आणि कुणाच्या दारात कधी पोचतं, ते पोरींना डोळ्यांनी दिसावं म्हणून. खटावकर हे पहिल्यांदाच बघत होते. बघता बघता पुढे सरकले.

"ओ काका!" एक पोरगी किंचाळली. "तुम्ही कराडात उभे आहात!"

खटावकरांनी पाय उचलला. कृष्णा-कोयनेचा संगम त्यांच्या बुटात शिरला होता. सगळं मैदान हसलं. त्या हशात सुकन्यांनी वळून बघितलं. हातात माइक, साडीचा काठ चिखलात. नवरा, त्याची शाल, त्याचा ओला बूट, सगळं एकदा नीट बघितलं. मग हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पाणी तेव्हा सांगलीच्या पुढं सरकून मिरजेजवळ येत होतं.

कार्यक्रम संपला, पांगापांग झाली, खटावकरांनी खुर्च्या उचलायला मदत केली. सुकन्या एक शब्द बोलल्या नाहीत. स्कूटरवर मागे बसल्या, पण खांद्यावर हात ठेवला नाही, मागचा दांडा धरला. स्टेशन चौक गेला, दर्गा गेला, तरी हूं नाही की चूं नाही.

"सुकन्या," खटावकरांनी भीत भीत विचारलं, "रुसलीस?"

"मी कशाला रुसू?"

आहाहा! तो सूर! चोवीस वर्षांपूर्वीचा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. टोपड्याची गरजच नव्हती. खटावकरांनी कानानंच आकडा लावला, सत्तरच्या खाली नक्की नाही.

"पावणेपाचला आलास नाहीस हेच नशीब," मागून आवाज चढत गेला. "कोयनेतनं पाणी सोडलं तेव्हा कुठं होतास? सगळ्यांत महत्त्वाचं तेच होतं! पोरींनी हातांनी दरवाजे उचलले, सहाच्या सहा! आणि तू आलास तो कराड तुडवत! आणि ही शाल कसली? हसतोयस काय? तुषार, हसतोयस तू!"

"नाही गं, कुठे," खटावकर म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून त्यांनी स्कूटर हळू केली.

"पुढच्या वर्षी पहिल्यापासून उभं राहायचंस," सुकन्या म्हणाल्या. "कोयनेपासून. सांगून ठेवते."

खटावकरांनी गाडी सरळ रस्त्याच्या कडेला घेतली, एका रसवंतीसमोर, आणि खिशातून मोबाइल काढला.

"आता काय?"

"लिहून ठेवतो. तारीख सांग."

"घरी कालनिर्णयावर लिहीन मी," सुकन्या म्हणाल्या, "पेनानं." आणि दांडा सोडून त्यांनी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, जरा जोरातच.